तू तेव्हा कुठं होतीस?

दर रविवारी अकरा वाजता मी नांदेडच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसते. समोर एकेक करत वीस-बावीस चौकटी उघडतात. सगळी नववी-दहावीची मुलं. कुणी धर्माबादचं, कुणी जळकोटचं, कुणी किल्लारीचं, दोघं-तिघं शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहिलेली. कॅमेरे बहुतेकांचे बंद. कुणाचा माइक चुकून उघडा राहिला की कुकरची शिट्टी, म्हशीचं हंबरणं आणि ‘मोबाइल दे बरं इकडं’ ही हाक असं सगळं एकदम वर्गात शिरतं.

शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, पण हा वर्ग शाळेचा नाही. इथं आम्ही कथा-कविता वाचत नाही. खरं घडलेलं वाचतो आणि खरं घडलेलंच लिहितो. सुरुवातीला लातूरच्या एका वडिलांनी फोन करून विचारलं होतं, “मॅडम, ह्याला मार्क किती?” मी म्हटलं, शून्य. “मग कशाला?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलगा मात्र येत राहिला, बहुधा वडिलांना न सांगता.

पहिल्यांदा मी आपल्या गावावर एक पान लिहायला सांगितलं. बावीस पानं आली आणि त्यातली चौदा ‘आजच्या विज्ञानयुगात’ अशी सुरू झाली. उरलेल्यांत गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं होतं. आमच्या भागात निसर्गाची ही कूस नेमकी कुठं आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी भडकले. मी लवकर भडकते, हे मुलांना माहीत आहे, आणि लवकर निवळते हेही त्यांनी हेरलेलं आहे.

त्या दिवशी मी एक नियम केला. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात एक अक्षर टाकायचं. स्वतः पाहिलं असेल तर ‘पा’, कुणाला विचारलं असेल तर ‘वि’, कुठं वाचलं असेल तर ‘वा’ आणि नुसतंच कानावर आलं असेल तर ‘ऐ’. इंटरनेटवरचे लेख वाचतानाही तेच करायचं. लिहिणाऱ्याला हे कळलं कसं, ते शोधायचं. मोबाइलवर आलेला एक मजकूर आम्ही असा तपासला. मधुमेह कायमचा बरा करणारा काढा सांगणारं ते पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘ऐ’ निघालं. जळकोटची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे तर आमच्या घरात सगळे पिऊन राहिलेत.”

धर्माबादच्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘धर्माबादची मिरची जगात एक नंबर.’ पुढं ठोकून दिलं होतं ‘पा’. मी विचारलं, “जग पाहिलंस का रे?”

“न्हाई मॅडम. मिरची पाहिली.”

हसून हसून माझा चहा सांडला. पण पुढच्या रविवारी तोच मुलगा बाजारात दोन सकाळी घालवून आला. त्यानं लिहिलं, ‘मिरचीच्या बाजारात नवा माणूस आला की आधी शिंकतो. हमाल शिंकत नाहीत.’ दोन्हीसमोर ‘पा’. हे वाक्य कुठल्याही गाइडात नव्हतं. मी ते भेटेल त्याला ऐकवत सुटले, भाजीवाल्यालासुद्धा.

किल्लारीची मुलगी मात्र पहिल्यापासून वेगळी होती. तिचा कॅमेरा कायम चालू असायचा आणि ती कायम जीपमध्ये बसलेली असायची. तिचे वडील किल्लारी-लातूर जीप चालवतात. घरात रेंज येत नाही, स्टँडवर येते. रविवारी वडिलांचा नंबर बाराला लागतो, तोवर पुढची सीट तिची. वर्गात भाषा सगळ्यांत चांगली तिची होती, आणि ते तिला ठाऊक होतं.

तिनं त्र्याण्णवच्या भूकंपावर लिहिलं. ‘त्या पहाटे आम्ही गाढ झोपेत होतो. जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज आला. भिंत आमच्या अंगावर आली तेव्हा मला फक्त धूळ दिसली.’ पानभर असं. प्रत्येक वाक्यासमोर ‘पा’. तिनं वाचून संपवलं. माझ्या अंगावर काटा आला होता. आणि तरी माझ्या तोंडून, माझ्या त्या प्रसिद्ध करड्या आवाजात, निघून गेलं, “तू तेव्हा कुठं होतीस?”

“घरीच, मॅडम,” ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या ध्यानात आलं. भूकंपानंतर दीड दशकानं जन्मलेली मुलगी ती. तिची चौकट काळी झाली.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. मला स्वतःचाच राग आला. मुलगी खोटं बोलली नव्हती. किल्लारीत जन्मलेलं पोर बोलायला लागतं तेव्हापासून ही पहाट ऐकत असतं. गावातला जो तो ‘आम्ही’ म्हणूनच सांगतो. बाहेरून पाहुणे येतात, विचारतात, सांगणारे सांगतात, आणि शेजारी बसलेल्या पोरांना ते सगळं पाठ होऊन जातं. इतकं पाठ होतं, की आपण तिथं नव्हतो हेच विसरायला होतं. हे समजायला मला दोन रविवार लागले. मुलीला वर्गात उघडं पाडायला मला दोन सेकंदही लागले नव्हते.

त्यातल्याच एका रविवारी धर्माबादच्या पोरानं मला गाठलं. “मॅडम, तुम्ही कुठं होता तेव्हा?” मी ऐटीत सांगितलं, नांदेडला, कॉलेजात होते, भांडी खडखडली, मी दचकून उठले. “समासात काय टाकू?” त्यानं विचारलं. मी ‘पा’ म्हटलं खरं, पण मनात पाल चुकचुकली. वर्ग संपल्यावर आईला फोन केला. आई म्हणाली, “तू कशाची उठतेस! मी हलवून हलवून दमले. सकाळी चहा पिताना मीच सांगितलं तुला.”

म्हणजे माझंही ‘ऐ’च. इतकी वर्षं मी ती भांडी लोकांना ऐकवत होते. मी किल्लारीच्या मुलीला हे सगळं रेकॉर्ड करून पाठवलं आणि शेवटी म्हटलं, मी चुकले.

तिचा लगेच फोन आला. “मॅडम, ‘ऐ’ काढून टाकलं तर माझ्याकडं काहीच राहत न्हाई.”

“घरात ज्यानं पाहिलंय त्याला विचार.”

“पप्पा त्यावर बोलत न्हाईत. कुणी विषय काढला की उठून जातात. सगळे म्हणतात, लई आत लागलंय त्यांना.”

मी घाबरले. नको विचारू म्हटलं, दुसरा विषय घे. तिनं माझं ऐकलं नाही, हे बरं झालं. लातूरला जाताना पुढच्या सीटवर बसून, गाडी चालवत असलेल्या बापाला तिनं माझाच प्रश्न विचारला. तुम्ही तेव्हा कुठं होता?

ते किल्लारीत नव्हतेच. आठ वर्षांचं पोर, गणपतीसाठी मामाच्या गावाला जळकोटकडं गेलं होतं, ताप आला म्हणून मामानं ठेवून घेतलं होतं. “जे म्या पाहिलंच न्हाई, ते काय सांगू?” ते म्हणाले. “समदे आम्ही म्हणतेत. मला म्हणता येत न्हाई. म्हणून उठून जातो.”

तिनं हे मला फोनवर सांगितलं. ज्या नियमाचा मला एवढा तोरा होता, तो हा जीपवाला माणूस लहानपणापासून एकटा पाळत आला होता. पण मुलीपुढं आता खरा पेच होता. गावानं त्यांच्या गप्प राहण्याचा वेगळाच अर्थ लावला होता. स्मृतिदिनाला त्यांना पुढच्या रांगेत बसवतात. स्टँडवर जीपमध्ये बसून लेख वाचला तर सगळ्यांना कळणार. लोक म्हणणार, इतकी वर्षं फसवलं.

“वाचू का मॅडम?”

मी म्हटलं, आधी त्यांना वाचून दाखव. ते हो म्हणाले तरच. तिनं दाखवलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. वही घेतली आणि जीपच्या खणात ठेवून दिली.

सत्राच्या शेवटच्या रविवारी सगळे आपापले लेख वाचणार होते, आई-वडीलही ऐकायला येणार होते. वर्ग लांबला. बारा वाजून गेले. तिची पाळी आली आणि कॅमेरा उघडला, तेव्हा फोन वडिलांच्या हातात होता. वही तिच्या मांडीवर. मागं जीप खच्चून भरलेली.

“चला की आता,” मागून कुणीतरी म्हणालं.

“थांबा जरा. पोरगी वाचून राहिली,” वडील म्हणाले. मग मला, “मॅडम, आवाज येऊन राहिला का?”

ती वाचू लागली. समासातल्या अक्षरांसकट. ‘भूकंपाच्या पहाटे माझे वडील किल्लारीत नव्हते. वि. ते परत आले तेव्हा आजीनं फक्त आलास, एवढंच म्हटलं. वि. पुढं ते पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज व्हायचा, की घरातले एकमेकांशी ओरडूनच बोलायचे. वि. नवीन गावात सगळे रस्ते सरळ आणि सारखे, घर चुकू नये म्हणून शाळेतून घरी येताना वडील विजेचे खांब मोजत यायचे. वि. आता आमचं घर पक्कं आहे, तरी आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो. पा.’

तिचं ते एकच ‘पा’ होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.  

मागच्या सीटवरून एक म्हातारा आवाज आला. “आरं, मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?”

वडिलांनी मागं वळून पाहिलं, फोन थोडा हलला. “तू कुठं होतास, असं कुणी इचारलंच न्हाई, बापू. समद्यांला वाटलं, हुतो. हिनं इचारलं.”

म्हातारा फक्त म्हणाला, “बरं, घे गाडी.” फोन मुलीकडं गेला, जीप सुरू झाली आणि रेंज तुटली.

संध्याकाळी तिनं वहीच्या पानांचे फोटो पाठवले. एका ठिकाणी तिनं लिहिलं होतं, ‘वडील चार दिवसांनी परत आले. वि.’ त्यातलं ‘चार’ खोडून वर जाड, वळण नसलेल्या अक्षरात ‘पाच’ केलं होतं. ‘वि’वर काट मारून शेजारी त्याच अक्षरात ‘पा’ लिहिलं होतं. ही खूण त्यांना मी शिकवली नव्हती. ती त्यांच्या मुलीनं शिकवली होती.