तिचे दोन्ही हात भरलेले होते

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. खान्देशात मुंजा, आसरांच्या गोष्टी ऐकतच वाढलो, पण घाबरलो कधी नाही. तरी हे लिहितोय, कारण मनावरचं ओझं कुठेतरी उतरवायला हवं...

९५-९६ सालची गोष्ट. सुरतला भेस्तानमध्ये आम्ही राहायचो – मी, आई आणि बायको शोभा. मी लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारागीर, शोभा तिथेच बॉबिनवर सूत भरायची. ज्यांनी असं खातं पाहिलेलं नाही त्यांना सांगतो – आत यंत्रांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. तेही आख्खं वाक्य नाही, दोन-दोन शब्द. त्यात एक अडचण असते. ‘करा’ आणि ‘नका’ ओठांवर अगदी सारखे दिसतात. म्हणून ‘नका’ म्हणताना पंजा हलवायचा, अशी तिथली रीत.

शोभाला कादंबऱ्यांचं वेड. भाड्याने आणायची. आमची एकच खोली, पडद्यापलीकडे आई. त्यामुळे प्रेमाचे प्रसंग आले की ती आवाज बंद करून नुसत्या ओठांनी मला वाचून दाखवायची. सुट्टीच्या दुपारी हाच आमचा सिनेमा. पलीकडून आई विचारायची, “इतला गपचूप काय बशेल शेतस रे दोन्हीजन?” आणि आम्ही हसू दाबायचो.

शेवटची कादंबरी अशी होती – नायकाची बायको वारलेली, तो त्या दुःखातच बुडालेला, आणि दुसरी एक बाई हळूहळू त्याच्या जवळ येते. मी विचारलं, “लग्न करतो का तिच्याशी?”

“घाई कुणाला आहे? त्याला, का तुम्हाला?” शोभा म्हणाली.

थोडी पानं राहिली होती. शोभाला कावीळ झाली, आणि त्यातच ती गेली. पुस्तक मी तसंच परत करून आलो.

वर्ष उलटलं. आईने एरंडोलकडची मुलगी पाहिली, सुनंदा. “मी कवलोंग तुन्या भाकरी थापू? हो म्हन ना!” कुठवर रांधायचं, हा तिचा धोशा. मी पाहून आलो होतो. आणि खरं सांगायचं तर... ती मला आवडली होती. लाज त्याचीच वाटत होती. रविवारी उत्तर द्यायचं होतं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, बॉबिनवाल्या बाया जेवायला गेलेल्या. मी मान वर केली तर त्यांच्या टेबलाजवळ शोभा उभी. बॉबिनने भरलेली पाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. ओठ हलले – “लग्न करा.”

तेवढ्यात माझ्या लूमवरची सुताची तार तुटली. लूम थांबवायला खाली वाकलो, पुन्हा पाहिलं तर कुणी नाही.

मनाचे खेळ म्हणून मी सोडून दिलं असतं. पण शेजारच्या लूमवर रामदास होता. नवीनच आलेला, शोभाला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. चहाला बाहेर पडल्यावर म्हणाला, “काय भाऊ, ती बाई कोण होती? कुणाचं लग्न मोडतेय?”

“मोडतेय कुठे? ‘करा’ म्हणाली ती.”

“मला तर ‘नका’ वाटलं.” मग तोच हसला. “आता हात मोकळे असते तर कळलं असतं. पाटी टाकून पंजा हलवणार होती का ती?”

रविवारी मी होकार कळवला.

सुनंदाबरोबर संसार चांगला झाला, मुलं झाली. त्या कादंबरीचा शेवटही पुढे वाचला. नायक लग्न करतो. पण त्याची वारलेली बायको येऊन काही सांगत नाही, त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

शोभाने ‘करा’ म्हटलं म्हणून मी ‘करा’ वाचलं, की मला तेच हवं होतं म्हणून? आणि माझ्या मनातलंच होतं ते, तर रामदासला कोण दिसलं? मला अजून उलगडलेलं नाही.

गेल्या वर्षी सुनंदाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागावेल. तिने एवढंच विचारलं, “ताई रागात होत्या का हो? की डोळ्यांत पाणी होतं?”

मी खूप वेळ आठवत बसलो. खात्यातली सवय... माझी नजर ओठांवरच होती. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलंच नव्हतं.