राजूरची टेप आणि बियाण्यांचा ओव्हन

टेप सुरू केली आणि प्लेअरमधून किंचाळल्यासारखा आवाज आला. मी लगेच बंद केला. आत तपकिरी चिकट थर बसला होता.

आमच्या कृषी विद्यापीठाच्या मल्टिमीडिया लॅबच्या इतिहासावर फिल्म करायची होती. मी तिथली तंत्रज्ञ. जुन्या टेपवरचा लेप दमट हवेने चिकट होतो. मग ती मंद उष्णतेत सुकवायची आणि लगेच कॉपी करून घ्यायची. तसा ओव्हन फक्त बियाणे विभागाकडे होता, बी वाळवायचा. तापमान किती ठेवायचं, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आणि त्या प्रकारच्या टेप दोनच उरल्या होत्या. एक लॅबच्या उद्घाटनाची, दुसरी राजूरची.

लॅब उभी केली शेख सरांनी. शेतीची माहिती पुस्तकी मराठीत जास्त पोचते की लोकांच्या बोलीत, हा पहिला प्रयोग त्यांनी राजूरच्या बाजारात केला. एकच फिल्म दोन्ही तऱ्हांनी दाखवली आणि लोकांना विचारलं. सर कायम कॅमेऱ्यामागे असायचे. त्यांचा आवाज त्या एकाच टेपवर होता. सर आता नाहीत. फिल्म दाखवायच्या कार्यक्रमाला सोनईहून त्यांच्या पत्नी येणार होत्या.

विभागप्रमुख थोरात सरांना उद्घाटन आधी हवं होतं. पहिली टेप अंदाजानेच तापवावी लागेल, ती हातची जाऊ शकते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"मग उद्घाटनाचीच घाला आधी."

"सर, त्यात तुमचं सूत्रसंचालन आहे."

"माहितीये. मी अजून बोलतोय ना."

ती टेप गेलीच. उष्णता जास्त झाली, कडा वाकल्या. राजूरच्या वेळी तापमान उतरवलं, जास्त वेळ ठेवली. चित्र फिकट आलं, आवाज स्वच्छ.

"मावशी, कोणतं बोलणं समजलं?" शेख सर बाजारातल्या एका बाईंना विचारत होते.

"दुसरं. पन तुमी लई भराभर बोलता."

त्यावर सर हसले होते, मोकळं, बराच वेळ.

कार्यक्रमात हे ऐकून हॉलही हसला. सरांच्या पत्नी तेवढ्या हसल्या नाहीत. नंतर माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "घरीपण असेच घाईत बोलायचे. ते हसणं परत लावता?"

लावलं. थोरात सर दाराशी उभं राहून ऐकत होते.

आता कुठलंही शूटिंग असो, शेवटी कॅमेरा एकदा कॅमेरामनकडे वळवायला लावते. तो वैतागतो. वैतागला तरी चालतं, रेकॉर्ड होतं.