हौसाक्का डॉक्टरला ‘न्हाई’ म्हणाली

दुपारचं जेवण झालं की मी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून पडते. डोळे मिटतात, कान मात्र जागे असतात. आत केतकी, माझी सून, भांडी लावते आहे. फळीवर एकेक ताट ठेवल्याचा आवाज येतो, मग तो लांब लांब जातो आणि त्याच्या जागी पट्ट्याची फटफट सुरू होते. पिठाच्या गिरणीचा पट्टा.

आमच्या गल्लीतली गिरणी दीड वर्ष बंद आहे. ती चालवणारी हौसाक्का गेली त्याच महिन्यात तिच्या नवऱ्यानं मोटर विकली.

तरी मी गिरणीत उभी आहे. हौसाक्का स्टुलावर बसून, खाली पडणारं पीठ दोन बोटांत चोळून बघते आहे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.

“या सिस्टर,” ती म्हणते.

वीस वर्षांचा शेजार, पण तिनं मला कधी नलिनी म्हटलं नाही. मी उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होते. गल्लीत कुणाचं काही दुखलं की आधी माझं दार, डॉक्टर नंतर.

“किती दिवस झाले?” ती विचारते.

“कशाला?”

“माझ्यापुढं कशाला नाटक?”

मी खाली बघते. “तीन आठवडे. तीनदा दिसला. नुसता डाग, गुलाबी, पाण्यासारखा.”

“पाळी जाऊन?”

“आठ वर्षं.”

“मग सवताला काय सांगितलं?”

जे तिला सांगितलं होतं तेच मी स्वतःला सांगते आहे, आणि ते तिला माहीत आहे.

“उष्णता आहे,” हौसाक्का हुबेहूब माझा आवाज काढते. “सब्जा घे. धान्याची पोती उचलत जाऊ नकोस. एवढ्याशा डागाला काय घाबरतेस?” मग स्वतःच्या आवाजात, “तुमी पायरीवर शेंगा फोडत हुता. उठलासुदिक न्हाई.”

खरं आहे. ती डागाचं कापड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली होती, मला दाखवायला. मी तो कागद उघडलाच नाही.

आणि मला माहीत नव्हतं असं नाही. पाळी जाऊन वर्ष उलटलं की मग एक थेंब जरी दिसला, एकदाच दिसला, तरी डॉक्टरकडं जायचं, हे मी बायकांच्या बैठकीत कितीदा तरी सांगितलंय. बहुतेकींचं काही निघत नाही. गर्भपिशवीचं आतलं अस्तर सुकलेलं असतं, नाहीतर मांसाचा एखादा साधा कोंब असतो. पण दहातल्या एखादीला कॅन्सर निघतो. तो लवकर कळला तर पिशवी काढतात आणि बाई पुढं नातवंडांची लग्नं बघते. एवढं सगळं येत होतं मला. मग तिला का नाही सांगितलं? शेंगा फोडत होते म्हणून. दुसरं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

पट्टा थांबतो. पीठ खाली बसतं तेव्हा आम्ही दोघी कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या बाकावर आहोत. त्या शेंगांच्या दिवसानंतर आठ महिने गेलेत. हौसाक्काला आता डाग नाही, धार लागते. मीच तिला घेऊन आले आहे. समोर तरुण डॉक्टरीणबाई, हातात कागद.

“मावशी, याआधी कधी डाग दिसला होता? अगदी थोडासुद्धा?”

हौसाक्का वळून माझ्याकडं बघते.

“न्हाई,” ती म्हणते.

तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती. पण तेव्हा मला विचारायचं धाडस झालं नाही. आज विचारते. “का म्हणालीस तसं?”

“तुमचं तोंड बघितलं. उतरलं हुतं. म्हटलं, एवढी शिकलेली बाई, पोरीसारख्या डॉक्टरपुढं खाली बघंल.”

“म्हणजे मला माफ केलंस.”

“न्हाई.” तिच्या दंडावरून पीठ झडतं, बाकावर पडतं. “लाज राखली. माफ कशाला करू?”

मी तिच्या पायांकडं बघते. पाय सुजलेले आहेत, शेवटच्या महिन्यात होते तसे.

“हौसाक्का, मला भीती वाटते.”

“मलाबी वाटत हुती. म्हणून तर आले हुते तुमच्याकडं.”

बाक ओला लागतो. मी आमच्या न्हाणीत उकिडवी बसले आहे, नळाखाली कपडा धुते आहे, केतकी उठायच्या आत. पाणी आधी गुलाबी, मग फिकट, मग नुसतं पाणी. हौसाक्का दारात उभी.

“सुनेला सांगा.”

“या वयात? काय म्हणून सांगू तिला?”

“मला शरम नव्हती? कागदात बांधून आणलं हुतं ते गल्लीतनं, सगळ्यांच्या देखत.” ती वाकते आणि माझं मनगट धरते. पोती उचलणाऱ्या बाईचा हात. नखं रुततात. “मला सांगायला तुमी हुता. तुमाला सांगायला आता मी परत न्हाई येणार. उठा.”

मी उठते. खोलीत ऊन तिरपं झालंय. केतकी चहा घेऊन उभी आहे.

“केतकी,” मी म्हणते, “मला डाग दिसतोय. तीन आठवडे झाले.”

ती कप खाली ठेवते. दचकत नाही, ओरडत नाही. “पाचला डॉक्टरबाईंचा दवाखाना उघडतो. सोनोग्राफी आजच करून घेऊ. पुढची तपासणी लागली तर तीही करू.” ती आत जाते, गाडीची किल्ली घेऊन परत येते. मग दारात थबकते. “आई, हौसाकाकूंचंही असंच सुरू झालं असेल ना? शेजारी तुम्ही नर्स, आणि त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.”

दीड वर्ष गल्ली हेच म्हणते, आणि दीड वर्ष मी मान डोलावते.

“बोलली होती,” मी म्हणते. “मला सांगायला आली होती. मी काही नाही म्हणून परत पाठवली.”

केतकी माझ्याकडं बघत राहते. मी पदर सारखा करायला हात वर करते. मनगटावर चंद्रकोरीसारख्या चार खुणा आहेत, लाल, खोल. अंगठ्याच्या बाजूला पाचवी. मी माझी नखं बघते. ती कालच अगदी मुळापासून कापली आहेत.