पाच घरच्या चिंध्यांचं अंगडं

नाग पावडीखाली होता आणि राहीमावशीचे दोन्ही पाय हातमागाच्या खड्ड्यात.

"हलू नगंस," ती मला म्हणाली. मी दारात उभी, सातव्या महिन्यात. हलणार कसली?

दुष्काळाचं साल. आमच्या कर्जतच्या बाजूला विहिरी आटल्या होत्या. खड्ड्यातल्या गारव्याला नाग आला असणार. विणताना पायानं दाबायच्या दोन फळ्या, त्या पावड्या. मावशीनं डावी पावडी दाबून धरलेली, म्हणून उजवी वर उचललेली, आणि तिच्याच खाली त्यानं वेटोळं घातलेलं. डावा पाय उचलला की ताण्याच्या, मागावर ताणलेल्या उभ्या सुतांच्या, ओढीनं उजवी पावडी त्याच्या अंगावर आदळणार. मावशीचा पाय थरथरायला लागला होता.

राहीमावशी साळ्याची विधवा. जुनेराच्या चिंध्या दातांनी फाडून त्यांच्या पट्ट्या ताण्यात विणायची. त्या कापडाच्या बंड्या बायका जत्रेत मिरवायच्या. पाटलाच्या जुन्या पागोट्याची लाल पट्टी ती नेमकी अशा जागी घालायची की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकावी. कुणी "चिंध्यांची पैठणी" म्हणून हिणवलं तर म्हणायची, "चिंधी गरीब नसती बाई. बगनारीचे डोळे गरीब असत्यात."

त्या दिवशी मागावर माझ्या बाळाचं अंगडं होतं. माझी आधीची दोन मुलं गेली होती. अशा बाईच्या बाळाला पाच घरी मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं घातलं की ते जगतं, अशी आमच्याकडे रीत. आणि मावशीचं म्हणणं, असल्या कापडाला विणून पुरं होईपर्यंत कात्री लावायची नाही.

मी कात्री उचलली. ताणा कापला की ओढ संपते, पावडी आदळत नाही, एवढं मला तिच्याजवळ बसून कळत होतं.

"कापू नगंस! तुझं लेकरू हाय त्यात."

"आन् तुमी?"

"मला कोन रडनार हाय? ठिव ती कात्री, सटवे!"

नागानं फणा काढला. मी कापत सुटले. घाईत सूत कमी, बोटंच जास्त कापली. मग तिच्या काखेत हात घालून तिला मागं ओढलं. उजवी पावडी जागीच लोंबत राहिली.

वर येताच तिनं मला थोबाडीत मारली.

नाग कुठं गेला, कुणी पाहिलं नाही. मावशीनं कापलेलं एकेक सूत गाठ मारून जोडलं. गाठींची ओळ अंगड्याच्या छातीवर आली. ती तिनं लपवली नाही, वर-खाली लाल पट्टी घातली. पण मी बाळंत होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला एकही रात्र धड झोप लागली नाही. ती गाठींची ओळ डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मुलगा झाला. तेच अंगडं घातलं. तो जगला. मावशीही जगली, तो शाळेत जाईपर्यंत.