नव्वद किलोंच्या वरची टीम

फरश्या आणि वॉशबेसिनच्या त्या गोदामात मुकादमांचा शब्द शेवटचा. तीस वर्षं त्यांनी एकच धर्म पाळला: ट्रकमध्ये आधी जड माल, हलका जागा उरली तर. हा नियम त्यांनी ट्रकपुरता ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण घरातलं कपाटही ते त्याच शास्त्राने लावायचे. बिचाऱ्या बायकोला चहाच्या कपासाठी रोज स्टुलावर चढावं लागे.

रविवारी मात्र मुकादम मुकादम नसत, कंपनीच्या बेसबॉल टीमचे कोच असत. आठवडाभर “ओ मुकादम, चावी कुठंय?” म्हणून ओरडणारी माणसं त्या दिवशी “कोच, जरा ऐकता का?” असं अदबीनं बोलत. त्या एका शब्दासाठी हा गृहस्थ सहा दिवस कसेबसे ढकलायचा.

खेळाडू निवडायची तऱ्हा न्यारी. माणसाला मालाच्या काट्यावर उभं करायचं. काटा नव्वद किलोंच्या वर गेला की निवड पक्की. अशा नऊ धिप्पाड हमालांची टीम झाली. चेंडूला हटकून बॅट लावणारे दोघंच होते, गेटपास लिहिणारा काडी आणि पहारेकरी काका. ते बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळत.

मैदानात नऊही जणांना एकच ठाऊक, चेंडू थेट कुंपणापार. तीनदा हुकलं की बाद, आणि आठ जण इमानेइतबारे तीनदा हुकत. उरला नववा, ज्याला सगळे डोंगर म्हणत. त्याचा दणका बसला की चेंडू कुंपणाबाहेर आणि लोक उभे. अशा दणक्यावर बेसवर थांबलेले सगळे पळत घरी, म्हणजे बॅट धरायच्या जागी, येतात आणि प्रत्येकाची एक धाव होते. पण पुढे एकाही बेसवर आपला माणूस नाही, त्यामुळे एवढ्या थोर दणक्याची धाव मिळे एकच.

सलग सात सामने हरल्यावर मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, “येत्या रविवारी हरलात तर टीम तुमच्या साडूंकडे.”

साडू त्याच कंपनीत, पण वरच्या मजल्यावर, गार खोलीत. जिन्यात भेटले तेव्हा गळ्यात नवी कोरी शिट्टी.

“मनाला लावून घेऊ नका हं, साडूभाऊ,” ते म्हणाले. “माल चढवणं वेगळं, टीम बांधणं वेगळं.”

त्या दिवशी मुकादम जेवायला बसले ते तोंड पाडूनच.

“अहो, एक विचारू?” बायको म्हणाली. ती दर रविवारी विणकाम घेऊन मैदानावर बसायची आणि सुयांवरून सगळं बघायची.

“मालातलं तुला काय कळतं?”

“काही नाही कळत. ट्रक उतरवताना आधी काय काढता?”

“वरचं. हलकं.”

“मग सामन्यात माल चढवायचा असतो की उतरवायचा?”

मुकादम घास ताटात टाकून ताडकन उठले. “ठरलं! नऊच्या नऊ काडीसारखे घेतो. डोंगराला बाकावर बसवतो!”

“बसा खाली,” बायको म्हणाली. “सगळे बेसवर उभे राहून गप्पा मारतील, आणि घरी कोण आणणार त्यांना? तुमचं म्हणजे एक तर नांगर, नाहीतर पिसं. आधी काडी, मग काका, मग डोंगर.”

रविवारी शेवटचा डाव आला तेव्हा टीम दोन धावांनी मागे होती. काडीने चेंडूला नुसती बॅट टेकवली आणि उंदरासारखा पळत पहिला बेस गाठला. काकांनी गुडघ्याला शिव्या देत देत चेंडू समोरच्या टीमच्या दोघांच्या मधून सरकवला. दोन बेसवर दोन माणसं! असलं दृश्य त्या टीमने कधी पाहिलंच नव्हतं. बाकावरच्यांना टाळ्या कधी वाजवायच्या तेही कळेना.

मग डोंगर. एक हुकला. दुसरा हुकला. मॅनेजरसाहेबांशेजारी साडूंनी शिट्टी ओठांशी नेली.

“कोच!” डोंगर ओरडला. “जोरात मारू की काडी-काकांसारखा हळू?”

‘हळू’ हा शब्द मुकादमांच्या ओठावर आला होता. नवा नवा शहाणपणा माणसाला गप्प कुठं बसू देतो? त्यांनी बायकोकडे बघितलं. ती टाके मोजत होती. मान वर न करता तिने नुसती एक भुवई उचलली.

“तू तुझ्यासारखाच मार रे!” मुकादम म्हणाले.

चेंडू कुंपणावरून गेला. आधी काडी घरी आला, मग लंगडत काका, आणि सगळ्यात शेवटी धापा टाकत डोंगर. तीन धावा. सामना एका धावेने खिशात.

“वा मुकादम! ही योजना कुणाची?” साहेबांनी विचारलं.

मुकादमांनी छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि मागून विणकामाच्या सुया थांबल्याचं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

“घरात... चर्चा झाली होती,” ते म्हणाले.

“चर्चा!” साडू खवचटपणे हसले. “म्हणजे ताईंनी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत.”

“हो,” मुकादम म्हणाले. “तुमच्या घरी तेवढंही होत नाही, साडूभाऊ.”

सोमवारी गोदामाच्या फळ्यावर पुढच्या सामन्याची यादी लागली. खाली मुकादमांची झोकदार सही, ‘कोच’ या शब्दासकट. वरची नऊ नावं मात्र सुबक, गोल अक्षरात, आणि डोंगराच्या नावापुढे लिहिलेलं: ‘याला कुणी काही सांगू नये.’