ओडेटनं रचलेली लाकडं

माझ्या टपालाच्या वाटेवर त्रेचाळीस पेट्या आहेत आणि त्रेचाळीस घरांपुढे त्रेचाळीस तऱ्हेनं रचलेली लाकडं. सव्वीस वर्षं मी हाच रस्ता करते आहे. व्हरमाँटच्या थंडीत माणसांचे चेहरे टोप्या-मफलरांतून दिसत नाहीत, त्यामुळे मी घरं लाकडांवरून ओळखते. कोण आळशी, कुणाचं बायकोशी पटत नाही, कुणी पुढच्या वर्षाची आशा सोडली आहे, सगळं अंगणात मांडून ठेवलेलं असतं. लोक खिडक्यांना पडदे लावतात आणि लाकडं मात्र उघड्यावर ठेवतात. मी कशाला सांगायला जाऊ?

आर्मंड पेल्केचं घर गावाच्या टोकाला, डांबर संपून मातीचा रस्ता लागतो तिथं. झाड पाडणं, ओंडके कापणं, घणानं फोडणं हे आर्मंडचं काम आणि रचणं त्याच्या बायकोचं, ओडेटचं. बाई पाच फुटांचीही नव्हती. पण तिनं रचलेली थप्पी बघायला लोक गाडी हळू करायचे. दोन्ही टोकांना आडवी-उभी रचून उभे केलेले खांब, मधे एकसारखी ओळ, साल वरच्या बाजूला, आणि मधून वारा खेळेल एवढ्या फटी. आर्मंड मदतीला एखादं लाकूड ठेवायला गेला की ती म्हणायची, "तू फोड. तुझ्या हातचं उभं राहत नाही."

घरापुरतं ठेवून उरलेलं ते विकायचे. चार-पाच गिऱ्हाइकं, सगळी गावातलीच, त्यातली एक मी. यंदा फोडलेलं लाकूड यंदा जाळायचं नाही हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. एक उन्हाळा ते वाळवावं लागतं. पेल्क्यांकडे दोन उन्हाळे वाळवायचे. "पेल्क्यांचं लाकूड" म्हटलं की कुणी हातात घेऊनही बघायचं नाही.

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ओडेटनं शेडमध्ये पुढच्या हिवाळ्यासाठी सहा कॉर्ड लाकूड रचलं. एक कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब. अशी सहा. दोन आठवड्यांनी सकाळी कॉफी ओतता ओतता ती खाली बसली आणि उठलीच नाही.

पुढचा हिवाळा आला तेव्हा आर्मंडनं शेडचं दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही हिवाळ्यात नाही.

हे मला कळलं धुरावरून. सुक्या लाकडाचा धूर दिसतो न दिसतो असा असतो. आर्मंडच्या धुराड्यातून मात्र दाट, करडा धूर निघायचा आणि वर जायच्या ऐवजी छपरावरून खाली घरंगळायचा. एकट्यानं पाडलेलं, एकट्यानं फोडलेलं लाकूड तो अंगणात नुसतं ओतून ठेवायचा, त्यावर निळी ताडपत्री. रचणं त्याला जमत नव्हतं, आणि ढिगाच्या पोटात लाकूड वाळत नाही, कुजतं. ढिगाच्या वरवरचं वाळलेलं तेवढं निवडून तो आम्हा गिऱ्हाइकांना पोचवायचा. पेल्क्यांनी ओलं विकलं असं कुणी म्हणायला नको. आतलं ओलं, बुरशी धरलेलं, ते स्वतः जाळायचा. म्हणजे माझ्या घरात त्याचं सुकं लाकूड कडाडून पेटत होतं आणि तो तिथं चार स्वेटर घालून बसला होता. हे कळल्यावर दोन दिवस मला माझ्या शेगडीपुढे बसवेना. तिसऱ्या दिवशी बसले. थंडी कुणाला चुकली आहे?

रोज अकराच्या सुमाराला मी पोचायची तेव्हा आर्मंड पेटीपाशी उभा असायचा. बर्फ गुडघाभर असला तरी. त्याला पत्रं येत नव्हती. दुकानांच्या जाहिराती, विजेचं बिल, मुलीचं नाताळचं कार्ड. मुलगी बर्लिंग्टनला, दोन तासांवर. ते कागद घ्यायला कुणी एकाहत्तराव्या वर्षी उणे वीसमध्ये उभं राहत नाही. तो दोन मिनिटं बोलायला उभा राहायचा. त्या दोन मिनिटांखेरीज दिवसभर त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, हे मला माहीत होतं आणि मला पुढं बारा पेट्या असायच्या.

"काय गं टपालवाली, आज काय आणलंस?"

"गाद्यांचा सेल. एकावर एक फुकट."

"मला एकच जास्त होते."

असं चालायचं. या जानेवारीत मात्र धूर बघून माझं डोकं फिरलं.

"आर्मंड, धुराड्यात काजळी किती साठली असेल, कल्पना आहे? ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटते. एक दिवस आतून पेट घेईल."

"धूर माझा, धुराडं माझं."

"आणि शेडमधलं लाकूड कुणाचं? पाच उन्हाळे वाळलंय ते. काडी दाखवली तर पेटेल."

"ते ओडेटचं आहे."

"ओडेटला आता काय करायचंय त्याचं?"

माझ्या जिभेला हाड नाही हे माझा नवरा तीस वर्षं सांगत आला. आर्मंडनं गाद्यांचा कागद नीट घडी करून खिशात घातला आणि वळून घराकडे गेला. त्यानंतर आठ दिवस तो पेटीपाशी आला नाही. मी जाहिराती पेटीत टाकायची, आदल्या दिवशीच्या तशाच आत असायच्या. हॉर्न वाजवला, एकदा दारही वाजवलं. "ठेव तिथं," आतून आवाज आला. मी माफी मागायला हवी होती. दाराशी उभी राहून मी म्हणाले काय, तर "विजेचं बिल आहे, भरून टाक."

नवव्या दिवशी मी वळणावर आले आणि विमान डोक्यावरून जावं तसा आवाज ऐकला. आकाश मोकळं होतं. आर्मंडच्या धुराड्यातून हातभर उंच ज्वाळा निघत होत्या आणि जळती काजळी छपरावर पडत होती. आर्मंड अंगणात मोज्यांवर उभा राहून वर बघत होता. मी फोन केला, त्याला गाडीत कोंबलं आणि हीटर पूर्ण सोडला.

आमचं अग्निशमन दल म्हणजे गावचीच सहा-सात माणसं. प्रमुख क्लेटन रॉस एरवी रस्त्यावरचा बर्फ काढतो. वीस मिनिटांत ते आले, शेगडीतले निखारे घमेल्यांतून बाहेर काढले, वरून पावडर सोडली, छपरावर चढून ठिणग्या विझवल्या. घर वाचलं. धुराडंही शाबूत निघालं, हे आर्मंडचं नशीब. क्लेटननं ते ब्रशनं घासून बादलीभर काळा चिकट थर खाली काढला आणि बादली आर्मंडच्या पायाशी ठेवली.

"जाळतोस काय तू, आर्मंड? तलावातून काढतोस की काय लाकडं?"

क्लेटन फावडं शोधायला शेडकडे गेला आणि दार उघडून तिथंच उभा राहिला. मग त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "सहा कॉर्ड," तो म्हणाला. "इथं सहा कॉर्ड हाडासारखं सुकं लाकूड आहे. आणि हा बाबा शेवाळ जाळतोय."

बाकीची माणसं हसली, तोही हसला. मी क्लेटनचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं ते कुणी रचलंय. ओडेट गेली तेव्हा त्यानंच थडग्यापर्यंतचा रस्ता साफ केला होता. तो हसायचा थांबला. पण प्रमुख तो प्रमुखच.

"हे बघ आर्मंड," तो परत येऊन म्हणाला, "ताडपत्रीखालचं एक लाकूड जरी या शेगडीत गेलं तरी मी धुराडं बंद करून जाईन. आज रात्री उणे सत्तावीस आहे. एक तर शेडमधलं जाळ, नाही तर एप्रिलपर्यंत मुलीकडे जा. मी सोडतो हवं तर. दुपारपर्यंत काय ते सांग."

"तिच्याकडे शेगडी नाही, भिंतीतून गरम वारा येतो," आर्मंड म्हणाला. "मला तिथं बसायचं कुठं तेच कळत नाही."

"मग आम्ही पोरं लावून दोन कॉर्ड ओसरीवर आणून टाकतो. दहा मिनिटांचं काम."

"कुणी हात लावायचा नाही."

माणसं गाडीपाशी जाऊन थांबली. आर्मंड शेडमध्ये गेला आणि मी मागून गेले. माझी बारा घरं टपालाची वाट बघत होती, बघू देत. आत लाकडाचा गोडसर वास होता. थप्पी होती तशीच होती, एक लाकूड सरकलं नव्हतं. तो तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याची ऐट, त्याचा हट्ट, सगळं गळून गेलं होतं आणि पायात माझ्या नवऱ्याचे गाडीत पडलेले बूट होते.

"सुरुवात कुठून करू?" त्यानं विचारलं.

टोकापासून काढली तर खांब कोसळतो आणि मागची ओळ घसरते. मधून काढली तर खिंडार पडतं. मी काहीतरी बोलणार होते, पण या वेळी नाही बोलले.

त्यानं वरच्या थरातलं डावीकडचं पहिलं लाकूड उचललं. मग त्याच्या शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. असं करत या टोकापासून त्या टोकापर्यंत वरचा एकच थर काढला. थप्पी चार बोटं खाली आली, पण होती तशीच सरळ राहिली.

उरलेला हिवाळा त्यानं तसंच केलं. रोज वरच्या थरातलं लागेल तेवढंच. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर फेब्रुवारीत शेडमध्ये पसारा दिसला असता. इथं ओडेटची थप्पी कमरेएवढी झाली, मग गुडघ्याएवढी, आणि शेवटपर्यंत ती ओडेटचीच दिसत होती. धुराड्यावर आता नुसती हवा थरथरताना दिसायची. आर्मंड पुन्हा पेटीपाशी यायला लागला. मी आठ दिवस उशिरा का होईना, माफी मागितली. तो म्हणाला, "कशाबद्दल?" त्याला चांगलं माहीत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा तो नुसत्या सदऱ्यावर आला.

"मरायचंय का?" मी म्हणाले.

"घरात फार उकडतं गं," तो म्हणाला. "तिनं करून ठेवलेली ऊब चार हिवाळे शेडमध्ये पडून होती. मी शेजारी घरात कुडकुडत बसलो. ती असती तर मला फोडून काढलं असतं."

मला रडू आलं. थंडीनं डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही.

एप्रिलात बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला. दरवर्षी होतो, आणि दरवर्षी माझी गाडी रुतते. त्या मंगळवारी आर्मंडच्या घराखालच्या चढावर ती पार अर्ध्या चाकापर्यंत रुतली आणि क्लेटननं साखळी लावून ओढून काढेपर्यंत बारा वाजत आले. आर्मंड पेटीपाशी उभा होता. त्याचे खांदे भिजले होते. पाऊस तर थांबून बराच वेळ झाला होता.

"संपलं," तो म्हणाला. "शेवटचं लाकूड आज घातलं."

मी त्याच्या हातात जाहिराती दिल्या.

"काल संध्याकाळीच संपवता आलं असतं. तीनच उरली होती," तो म्हणाला. "पण मग पूर्ण रात्र होती पुढे. म्हणून ती सकाळवर ठेवली. साडेदहाला शेवटचं घातलं. म्हटलं, अकराला तू येतेस."