बिडाला घोंगडी

इंदापुरात बारामती रस्त्याला एका वेल्डरचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गिऱ्हाइकाशी तो जेवढ्यास तेवढं बोले. खरं बोलणं धातूशी. अनोळखी तुकडा हातात आला की विचारायचा, "कुठलं पाव्हणं?" आणि ग्राइंडरला टेकवायचा. उत्तर ठिणग्या द्यायच्या.

आईच्या शिलाई मशीनचा पाय तुटला. त्या मशीनवर आमचं घर चालायचं. गावातल्या एकाने घाईत वेल्डिंग मारून दिलं, तर सांध्याशेजारीच नवी चीर गेली. मी तो पाय याच्यापुढे ठेवला. तांबड्या, तोकड्या ठिणग्या उडाल्या आणि तो माझ्यावरच खेकसला, "बीड हाय हे, ओतीव लोखंड! साधं लोखंड समजून जाळलं व्हय?"

त्याने पाय भट्टीत तापवला, पितळेची कांडी वितळवून चीर भरली आणि गरम राखेत पुरला. मग आतून स्वतःची घोंगडी आणून राखेवर पांघरली. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. नुकतं जन्मलेलं कोकरू असंच झाकतात.

"गार वारं लागलं की तडकतं. निजू द्या त्याला."

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत आला. याने रस्त्यावर जाऊन ड्रायव्हरला आवाज कमी करायला लावला. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मी पाय घरी नेला. आईने पितळेच्या पिवळ्या रेघेवर हात ठेवला.

"अजून ऊब हाय रं," ती म्हणाली, आणि तिने त्यावर पदर टाकला.

घोंगडीचं मी तिला सांगितलंच नव्हतं.